यू वृक्षाची साल आणि बीजांडकोशाचा कर्करोग

सन १९६२ मध्यें अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या अरण्यांत बार्क्ले यांनीं यू वृक्षाची साल गोळा केली. लाकूडतोडे हें झाड कुचकामी समजून जाळीत असत! सालींतील टॅक्सॉल या द्रव्याची घडण नंदुरबारीं जन्मलेले मनसुख वाणी व वॉल यांनीं सहकाऱ्यांसह १९७१ मध्यें प्रसिद्ध केली. (आपल्याकडे वाण्यांचें नांव किती जणांस ठाऊक?) पेशींतील सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा हें द्रव्य मोडूं देत नाहीं, मग पेशी दुभंगत नाहीं, मरते. १९९२ मध्यें बीजांडकोशाच्या कर्करोगावर त्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली. पण साल सोलली कीं वृक्ष मरे, आणि एका रुग्णेस अनेक वृक्ष लागत. स्त्री वांचवावी कीं अरण्य? हा पेंच युरोपांतील यूच्या पानांनीं सोडविला. त्यांतील दुसऱ्या द्रव्यापासून प्रयोगशाळेंत टॅक्सॉल घडवितां येऊं लागलें, आणि पानें पुन्हां फुटतात.