जुना की नवा: लॅमिंग्टन रोड ते गेमिंग लॅपटॉप

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडून जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मात्र गिऱ्हाइकांच्या तोंडून अजून गेलेले नाही. हा रस्ता आधी चित्रपटगृहांसाठी आणि रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी ओळखला जाई. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि सुट्या भागांच्या आयातीची वाट मोकळी होऊ लागली. तेव्हा हीच दुकाने मदरबोर्ड, रॅम आणि कॅबिनेट विकू लागली. कंपनीचा तयार संगणक मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर होता. सुटे भाग जोडून बनवलेला ‘असेंबल्ड’ संगणक त्यापेक्षा बराच स्वस्त मिळे, आणि पुढची वीसेक वर्षे महाराष्ट्रातल्या घरांत तोच आला.

असेंबल्ड संगणकाच्या काळात ‘जुना घ्यावा की नवा’ हा प्रश्न सबंध यंत्राबद्दल विचारलाच जात नसे. तो एकेका भागाबद्दल असे. कॅबिनेट आणि मॉनिटर जुने चालत, हार्ड डिस्क शक्यतो नवी घेतली जाई, आणि ग्राफिक्स कार्ड खिशाला परवडेल तसे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे व्हूडू आणि १९९९ मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ आले, तेव्हापासून खेळांसाठी वेगळे कार्ड ही गरज झाली. वर्षा-दोन वर्षांनी नवे कार्ड आले की जुने त्याच दुकानात देऊन वरचे पैसे भरायचे, ही पद्धत पडली. जुन्या मालावर दुकानदार ‘टेस्टिंग वॉरंटी’ देई. म्हणजे काही दिवस चालवून पाहा, बिघडले तर बदलून देऊ. ही हमी बहुतेक वेळा तोंडीच असे. या बाजाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २००९च्या अहवालात नकली माल आणि चोरटी सॉफ्टवेअर यांसाठी कुप्रसिद्ध ठरलेल्या भारतीय बाजारपेठांत लॅमिंग्टन रोडचे नाव घेतले होते. तरीही भाग उघडा असल्यामुळे गिऱ्हाइकाला तो हातात घेऊन पाहता येई, दुसऱ्या यंत्रात लावून पारखता येई. या व्यापारातला विश्वास त्या उघडेपणावर उभा होता.

लॅपटॉपने हा उघडेपणा संपवला. लॅपटॉपसाठी खास बनवलेली जीफोर्स २ गो ही एनव्हिडियाची चिप २००० मध्ये आली. डेस्कटॉपसाठी नाव कमावलेल्या एलियनवेअर या मायामीच्या कंपनीने २००२ मध्ये एरिया-५१एम हा लॅपटॉप आणला. २००६ मध्ये डेलने ती कंपनी विकत घेतली, आणि त्याच वर्षी असुसने ‘रिपब्लिक ऑफ गेमर्स’ ही मालिका सुरू केली. त्या पिढीची यंत्रे जाड, जड आणि महाग होती. भारतात ती हौशी श्रीमंतांपुरतीच राहिली, त्यामुळे त्यांचा जुना बाजारही उभा राहिला नाही.

लॅपटॉपमधले कार्ड बदलता यावे यासाठी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. एनव्हिडियाने २००४ मध्ये एमएक्सएम नावाची जोडणी पुढे केली. ती काही महागड्या यंत्रांत टिकली, पण लॅपटॉप बारीक होत गेले तसे कार्ड थेट बोर्डवर झाळण्याची रीत जिंकली. २०१९ मध्ये एलियनवेअरने एरिया-५१एम हेच जुने नाव पुन्हा वापरून बदलत्या भागांचा गाजावाजा केला. पुढच्या वर्षीची कार्डे त्या यंत्राला मिळाली नाहीत, आणि २०२१ मध्ये एक ग्राहक न्यायालयात गेला. फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीचा ग्राफिक्सचा भाग काढता-घालता येणारा १६ इंची लॅपटॉप २०२४ मध्ये ग्राहकांच्या हाती पडला, पण तो अपवादच. बाकी बाजारात रॅम आणि एसएसडी बदलता येते, कधी रॅमही बोर्डवरच झाळलेली असते. जुना गेमिंग लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप जशी आहे तशी शेवटपर्यंत पत्करावी लागते.

बेताच्या बजेटमधला गेमिंग लॅपटॉप ही गोष्ट खऱ्या अर्थाने २०१६-१७ मध्ये जन्मली. ऑगस्ट २०१६ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिका लॅपटॉपमध्ये आणली आणि चिपच्या नावामागचे ‘एम’ हे अक्षर काढून टाकले, कारण लॅपटॉपची चिप आता डेस्कटॉपच्या जवळ पोहोचली होती. जानेवारी २०१७ मध्ये जीटीएक्स १०५०टीआय आणि २०१९ मध्ये जीटीएक्स १६५० या स्वस्त चिप आल्या. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अभ्यासाच्या नावाखाली घरून मंजूर करून घेता येईल अशी यंत्रे हीच. पुढे एका नव्या गोंधळाची भर पडली. आरटीएक्स ३०६० ही एकच चिप कुठे ६० वॉटवर चालते, कुठे ११५ वॉटवर. नाव तेच, पण खेळात मिळणारा वेग बराच वेगळा. त्यामुळे चिपचे नाव पाहून जुन्या-नव्याची तुलना करणे निरर्थक झाले. वॉटचा आकडा विचारणारे गिऱ्हाईक मात्र आजही विरळाच.

भारतातल्या जुन्या लॅपटॉपचा पुरवठा कसा होतो हे कायद्याने ठरते. परकीय व्यापार धोरणानुसार वापरलेले संगणक परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत. म्हणून ‘रिफर्बिश्ड’ दुकानांतला बराच माल देशातल्याच कार्यालयांनी काढून टाकलेला असतो. त्याला धंद्यात ‘लॉटचा माल’ म्हणतात. या लॉटमध्ये थिंकपॅड आणि लॅटिट्यूडसारखे कार्यालयीन लॅपटॉप ढिगाने सापडतात, गेमिंग लॅपटॉप जवळजवळ नसतात, कारण कोणतेही कार्यालय कर्मचाऱ्याला खेळायला यंत्र देत नाही. जुना गेमिंग लॅपटॉप येतो तो शिक्षण संपलेल्या मुलाकडून किंवा नवे मॉडेल घेणाऱ्या हौशी माणसाकडून. कार्यालयातले यंत्र दिवसभर चालते पण तापत नाही. वसतिगृहातले गादीवर ठेवून रात्र रात्र तापलेले असते. वयाने सारखी असली तरी या दोन यंत्रांना एकच भाव लावणे चूक ठरते.

किमतीतल्या फरकात कराचाही वाटा आहे. नव्या लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे लाखाच्या बिलात सुमारे १५,२५० रुपये कराचे असतात. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला कर फक्त नफ्याच्या फरकावर भरण्याची सोय आहे, आणि एका माणसाने दुसऱ्याला परस्पर विकल्यास तोही नाही.

जुना माल स्वस्तच असतो हा समज २०२० ते २०२२ या काळात पुरता मोडला. टाळेबंदीत घरून काम आणि शाळा सुरू झाल्या, चिपचा तुटवडा पडला, त्यात इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामाने ग्राफिक्स चिपची मागणी वाढवली. लॅपटॉपही त्या कामाला जुंपले गेले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धत सोडली आणि राबवलेली कार्डे जगभर जुन्या बाजारात आली.

एवढ्या सगळ्यातून जुना लॅपटॉप पारखण्याची एक रीत घडली आहे. मूळ बिल आणि त्यावरचा क्रमांक यंत्राखालच्या क्रमांकाशी जुळतो का, कंपनीची वॉरंटी किती उरली, हे आधी. मग विंडोजचा बॅटरी अहवाल काढून मूळ क्षमतेपैकी किती शिल्लक आहे ते पाहणे. अर्धा तास एखादा जड खेळ चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावरच्या रेघा तपासणे. बिजागरी कुरकुरते का, स्क्रू आधी उघडले गेलेत का, हेही. सुकलेली थर्मल पेस्ट नव्याने लावता येते, पंखा आणि बॅटरी बदलता येते. बोर्डवरची चिप गेली तर दुरुस्तीचा खर्च बहुधा यंत्राच्या किमतीला भिडतो. विक्रेता अर्धा तास द्यायला तयार नसेल तर भाव कितीही चांगला असो, व्यवहार सोडलेला बरा.

तपासणीत उत्तीर्ण झालेले यंत्रही काळाच्या हिशेबात नापास होऊ शकते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने, थोडे अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर सक्तीचा केला, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी खेळांपुरते खास ड्रायव्हर देणे थांबवले. म्हणून प्रत्येक जुने यंत्र टाकाऊ ठरत नाही: चार जीबी ग्राफिक्स मेमरीच्या नव्या यंत्रापेक्षा एक-दोन वर्षे वापरलेला, बिल आणि थोडी वॉरंटी असलेला आठ जीबीचा लॅपटॉप त्याच पैशांत सरस ठरतो. २०१७ मधले सातव्या पिढीचे आणि जीटीएक्स १०५०टीआयचे यंत्र मात्र कितीही जपून वापरलेले असले, तरी नव्या खेळांसाठी आता घेऊ नये.