गुलाबी चिठ्ठीचा विनोद

एका मराठी दैनिकाच्या संदर्भ विभागात माझी नोकरी झाली. कात्री, खळ, तारखेचा शिक्का आणि विषयवार लावलेली खाकी पाकिटं. संध्याकाळ झाली की संपादकीयातून फोन सुरू व्हायचे, ‘बाई, पानशेत कधी फुटलं हो?’ १२ जुलै १९६१. पाकीट उघडायची गरजच नसे. म्हणून १९५७ चा ‘डेस्क सेट’ हा चित्रपट मी फार आशेने पाहिला.

न्यूयॉर्कमधल्या एका काल्पनिक प्रसारण कंपनीचा संदर्भ विभाग. प्रमुख बनी वॉटसन, म्हणजे कॅथरीन हेपबर्न. सीबीएस या खऱ्या प्रसारण कंपनीच्या ग्रंथपाल ॲग्नेस लॉ यांच्यावरून हे पात्र बेतलं असं सांगतात. एक दिवस स्पेन्सर ट्रेसीचा समनर टेप घेऊन खोलीची मापं काढू लागतो. कशासाठी, हे बोलायचं नाही अशी त्याला वरून ताकीद. यंत्र येऊन आपली नोकरी खाणार, ही भीती त्या काळी हवेतच होती. ‘एनिॲक’ हा संगणक १९४६ मध्ये जगापुढे आला. १९५२ च्या निवडणुकीच्या रात्री सीबीएसवर ‘युनिव्हॅक’ या संगणकाने थोड्याशा मतांवरून आयझेनहॉवर यांचा दणदणीत विजय वर्तवला, तो जाहीर करायला मंडळी कचरली आणि यंत्र खरं ठरलं. विल्यम मार्चंट यांचं या चित्रपटामागचं मूळ नाटक ब्रॉडवेवर आलं ते १९५५ मध्ये.

चित्रपटाचा जीव आहे गच्चीवरच्या जेवणात. थंडीत कुडकुडत, कोट घालून, सँडविच खाता खाता समनर बनीची परीक्षा घेतो. आगगाडीत कुठे किती चढले, किती उतरले असलं कोडं घालतो. ती फटाफट उत्तरं देते आणि वर सांगते की आपण एका गोष्टीला दुसरी जोडत जातो. अगदी खरं! आमच्या धंद्याचं मर्म याहून नेमकं मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

पुढे मात्र सगळा पोरखेळ. संदर्भ विभागात ‘एमेरॅक’ हे संगणकयंत्र बसतं. पगाराचं यंत्र बिघडून अध्यक्षांसकट सगळ्यांना नोकरी गेल्याच्या गुलाबी चिठ्ठ्या पाठवतं. कॉर्फू बेटाची माहिती मागितली तर यंत्र कर्फ्यूवरची कविता ओकत बसतं. केसांतल्या आकड्याने दुरुस्ती होते. कुणालाच काढायचं नव्हतं, यंत्र तुमच्या मदतीलाच आहे, असं सांगून समनर बनीला मागणी घालतो. श्रेयनामावलीत आयबीएमचे आभार आहेत. यजमानाच्या पंगतीत बसून वरण अळणी आहे म्हणायचं कसं?

आमच्या कार्यालयात कात्रणं संगणकात गेली तेव्हा कुणालाही चिठ्ठी आली नाही. जो निवृत्त होईल त्याची जागा भरायची नाही, एवढंच ठरलं. माझीही भरली नाही. या चित्रपटाला ती शक्यता सुचली नाही, की सुचूनही सोयीची वाटली नाही, कोण जाणे. गच्चीवरचा प्रवेश मात्र जरूर बघा. त्यानंतर उठलात तरी फारसं बिघडणार नाही.