जुळत्या चिटांची गोधडी

घरी गोधडी शिवणे म्हणजे जुन्याचे नवे करणे, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. आजीचे मऊ झालेले लुगडे, आजोबांचे विरलेले धोतर, मुलांच्या परकर-सदऱ्यांचे धड राहिलेले तुकडे एकावर एक अंथरावयाचे, कडेकडेने धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावयाचे, आणि त्या पांघरुणात घरातील तान्हे मूल गुंडाळावयाचे, ही चाल महाराष्ट्रात कोणास समजावून सांगावयास नको. तेव्हा गोधडी शिवण्याकरिता कोणी दुकानातून कोरे कापड, तेही एकमेकांशी रंगाने व नक्षीने जुळणारे, मुद्दाम विकत आणते असे सांगितले, तर ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांस ते उधळपट्टीचे लक्षण वाटेल. अमेरिकेत व इंग्लंडात मात्र आज हजारो घरांतून हेच चालते. एकाच चित्रकाराने आखलेल्या वीस-पंचवीस नक्ष्यांचा एक जुळता संच बाजारात येतो, त्यातील आवडीचा संच गृहिणी निवडते आणि त्याचीच गोधडी बेतते. ह्याला गोधडी म्हणावे काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ह्या शौकाचा पूर्वेतिहास पाहणे इष्ट आहे. कारण त्या इतिहासाचा आरंभ हिंदुस्थानच्याच किनाऱ्यावर होतो.

दोन कापडांमध्ये कापूस भरून त्यावर टाके घालण्याची कला युरोपास नवी नव्हती. चौदाव्या शतकात सिसिली बेटात शिवलेल्या एका भरीव पांघरुणाचे भाग लंडन व फ्लॉरेन्स येथील संग्रहालयांत अद्याप जतन केलेले आहेत. परंतु रंगीत फुलांच्या सुती तुकड्यांची जोडगोधडी युरोपात रूढ झाली ती सतराव्या शतकानंतर, आणि तिला कापड मिळाले ते आपल्याकडचे. कोरोमंडल किनाऱ्यावरील कारागीर तुरटीचा हात देऊन, मुळांपासून काढलेला तांबडा रंग व नीळ ह्यांच्या साहाय्याने सुती कापडावर जी वेलबुट्टी उठवीत, ती धुतल्यावर अधिकच खुले. युरोपातील रंगाऱ्यांचे कापड धुतले की रंग सोडी. आपण ज्याला चीट म्हणतो त्याच शब्दाच्या हिंदी रूपावरून इंग्रजांनी आपला शब्द बनविला. पलंगपोशाचे त्यांच्या भाषेत ‘पॅलमपोर’ झाले. कालिकत बंदराच्या नावावरून साध्या सुती कापडाला ‘कॅलिको’ हे नाव पडले. एका कारागिराच्या हातून उतरलेल्या पलंगपोशात मधले झाड, भोवतालची फुले व कडेची वेल ही तिन्ही एकाच रंगमेळात असत. जुळत्या नक्षीची गोडी विलायती डोळ्यांना लागली ती अशा कापडावरून.

ही गोडी इतकी वाढली की तेथील विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडच्या पार्लमेंटाने १७०० मध्ये कायदा करून हिंदुस्थान, इराण व चीन येथून येणारे छापील व रंगविलेले सुती कापड देशात वापरण्यास मनाई केली. पण कोरे पांढरे कापड आणून ते लंडनमध्येच छापण्याची पळवाट शिल्लक होती. १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्स भागातील रेशीम विणकरांनी दंगा केला. रस्त्यात चिटाचा झगा घातलेली स्त्री दिसली की तो फाडावा, त्यावर शाई किंवा तेजाब फेकावे, इथपर्यंत मजल गेली. अखेरीस १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालण्यास व घराच्या सजावटीत वापरण्यास बंदी झाली, आणि १७२२ च्या नाताळापासून ती अंमलात आली. फ्रान्सने आपली बंदी १७५९ मध्ये उठविली; इंग्लंडने स्वदेशी गिरण्यांच्या सुती कापडापुरती ती १७७४ मध्ये दूर केली.

ज्या वस्तूवर सरकारची वक्रदृष्टी आणि बायकांची प्रीती, तिची चिंधीसुद्धा कोणी टाकीत नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातील लेव्हन्स हॉल ह्या वाड्यात हिंदी चिटांच्या तुकड्यांची जोडगोधडी आहे. ती परंपरेने १७०८ च्या सुमाराची मानली जाते. त्याच काळातील रेशमी तुकड्यांचे दुसरे एक पांघरूण इंग्लंडच्या गोधडीकारांच्या संघाकडे आहे. त्यावर १७१८ हा सन व शिवणारीच्या नावाची मानली जाणारी दोन आद्याक्षरे आहेत. तुकडे अचूक आकाराचे यावेत म्हणून ते कागदाच्या साच्यावर दुमडून शिवीत; हे साचे जुनी पत्रे, दुकानाच्या याद्या, मुलांचे कित्ते फाडून करीत. अपुऱ्या राहिलेल्या गोधड्यांच्या पाठीशी ते कागद अजून सापडतात आणि संशोधकांना काळ ठरविण्याच्या कामी उपयोगी पडतात.

जुळते कापड मिळविण्याची धडपड त्या काळच्या सुशिक्षित घरांतही होती. कादंबरीकर्त्री जेन ऑस्टेन हिने १८११ च्या मे महिन्यात आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात, गोधडीसाठी तुकडे गोळा करण्याचे लक्षात आहे ना, काम अडून राहिले आहे, अशा अर्थाची विचारणा केली आहे. तिने, तिच्या बहिणीने व आईने मिळून शिवलेले म्हणून मानले जाणारे पांघरूण चॉटन येथील तिच्या घरात दाखविले जाते. मध्यभागी फुलांच्या परडीचा एक मोठा तुकडा, आणि त्याभोवती शंकरपाळ्याच्या आकाराच्या लहान तुकड्यांची डावी-उजवी तंतोतंत सारखी मांडणी, अशी तिची रचना आहे. डावीकडे जे कापड लावले तेच उजवीकडे हवे, म्हणूनच तुकड्यांवाचून काम अडे. काटकसर होती, पण वाटेल ती चिंधी चालत नव्हती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१७८३ मध्ये टॉमस बेल ह्याने तांब्याच्या कोरीव रुळाने कापड छापण्याच्या यंत्राचा हक्क मिळविला, आणि चिटाचा भाव उतरू लागला. ज्या देशाने हिंदी चीट बंद केले, त्याच देशाचे यंत्रावर छापलेले चीट एकोणिसाव्या शतकात हिंदी बाजारपेठांत स्वस्त भावाने येऊन पडले व येथील छिपे-रंगाऱ्यांचा धंदा बसला. गोधडीच्या इतिहासातील हे पान आपल्यापुरते तरी दुःखाचे आहे. अमेरिकेत मात्र स्वस्त चिटामुळे घरगुती गोधडीला बहर आला. गोधडीकरिता मुद्दाम कोरे कापड घेण्याची चाल तेथे तेव्हापासूनची आहे. पुढे स्त्रियांच्या मासिकांनी तिला हातभार लावला. इंडियाना प्रांतातील मेरी वेब्स्टर ह्या बाईच्या फुलांच्या गोधड्या १९११ मध्ये एका प्रसिद्ध मासिकाने रंगीत छापल्या. १९१५ मध्ये तिने गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिच्या नमुन्यांना इतकी मागणी आली की आखलेले व कापलेले तुकडेही ती विकू लागली. दुकानातून जुळता संच आणण्याच्या आजच्या पद्धतीची ही पहिली पायरी म्हणावयास हरकत नाही.

परंतु जुळत्या कापडाची सर्वांत हृद्य हकीकत श्रीमंतांची नसून शेतकऱ्यांची आहे. अमेरिकेत पीठ, साखर व कोंबड्यांचे खाद्य सुती पोत्यांतून येई, आणि खेड्यातील बायका ती पोती उसवून त्यांचे कपडे व गोधड्या करीत. हे पाहून १९२४-२५ च्या सुमारास सेंट लुईस येथील एका पिठाच्या गिरणीने चौकड्याच्या रंगीत कापडाची पोती काढली. इतर गिरण्यांनी तोच कित्ता गिरविला. फुलांची, पानांची, ठिपक्यांची पोती निघाली, आणि त्यांवरील नावे धुतल्यावर जाणाऱ्या शाईने छापू लागले. शंभर पौंडांचे पोते उसवले की सुमारे सव्वा वार कापड निघे. बाईच्या एका पोशाखाला तशी तीन पोती लागत. १९२९ नंतरच्या मंदीत ज्या घरी कापडाला पैसा नव्हता, तेथे ह्या पोत्यांनी लाज राखली. धनी गिरणीवर निघाला की बायको त्याच्या हाती नमुन्याची चिंधी देई, आणि तो बापडा थप्पीच्या तळाचे जुळते पोते काढून मागे, अशा आठवणी तेथील घराण्यांतून अद्याप सांगितल्या जातात. दारिद्र्याने मनुष्याची निवड हिरावून घेतली जाते. ह्या स्त्रियांनी ती पोत्यांच्या थप्पीतूनही परत मिळविली.

त्याच मंदीत, १९३३ मध्ये, शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीअर्स रोबक ह्या व्यापारी कंपनीने गोधड्यांची स्पर्धा भरविली. पहिले बक्षीस एक हजार डॉलरचे होते, आणि स्पर्धेत सुमारे २४ हजार गोधड्या आल्या. विजयी गोधडी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस भेट देण्यात आली. पुढे संशोधकांनी असे उघडकीस आणले की, जिच्या नावावर ते बक्षीस गेले तिने त्या गोधडीत एक टाकाही घातला नव्हता. केंटकी प्रांतातील गरजू स्त्रियांकडून तिने ती अल्प मजुरीवर शिववून घेतली होती, आणि बक्षिसात त्यांचा वाटा नव्हता. कापड उत्तम होते, जुळणीही उत्तम होती. उणीव होती ती एवढीच की, जिचा हात तिचे नाव नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी व प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि कापडी पोती मागे पडली. गोधडीची आवडही काही काळ ओसरली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, त्या उत्सवाच्या सुमारास ती पुन्हा वाढली. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या चाकाची सुरी काढली, तेव्हा कात्रीने तासन्‌तास चालणारे काम मिनिटांवर आले. २००६ मध्ये टेक्सास प्रांतातील मोडा ह्या कापडाच्या कंपनीने एका संचातील निरनिराळ्या नक्ष्यांच्या अडीच इंच रुंदीच्या चाळीस पट्ट्या कापून, गुंडाळी करून विकावयास काढल्या. पट्टी सुमारे ४४ इंच लांब. ह्यापासून गोधडीचा दर्शनी भाग एका दिवसात कसा होतो, त्याचे गणित मनोरंजक आहे. सर्व पट्ट्या टोकास टोक जोडल्या आणि जोडकाम व कापाकापी वजा केली, म्हणजे सुमारे १६०० इंचांची एक लांब पट्टी होते. ती मध्यावर दुमडून लांबीने शिवावी. ८०० इंचांच्या दोन ओळी होतात. पुन्हा दुमडावी, ४०० इंचांच्या चार. असे पाच वेळा केले की ५० इंच लांबीच्या ३२ ओळी होतात. शिवणीत अर्धा इंच गेल्यावर प्रत्येक ओळ दोन इंचांची उरते. म्हणजे ६४ इंच रुंदी झाली. रंग एकाच संचातले असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणाही शेजारी आली तरी डोळ्यांस खटकत नाही.

येथेच आक्षेपकाचा मुद्दा जोर धरतो. निवड चित्रकाराने केली, कापणी कारखान्याने केली. मग घरच्या स्त्रीने काय केले? आक्षेप पोकळ नाही. एक संच हजारो घरांत गेला तर हजारो गोधड्या एकीसारखी दुसरी होण्याचा धोका आहेच. पण कापड एक असले म्हणजे गोधडीही एकच होते, हे मात्र खरे नाही. अलाबामा प्रांतात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णी स्त्रिया, ज्यांचे पूर्वज त्याच मळ्यावर गुलाम होते, शेतावर झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवीत आल्या. १९६६ मध्ये त्या परिसरातील स्त्रियांची सहकारी संस्था निघाली, आणि १९७२ मध्ये त्याच सीअर्स कंपनीने तिला कॉर्डुरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे काम दिले. रंग कंपनीने ठरविलेले: सोनेरी, पानासारखा हिरवा, नारिंगी, लाल. उरलेल्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या. एकच जाड कापड, तेच मोजके रंग. तरी एकीची गोधडी दुसरीसारखी झाली नाही. कोणी उभ्या पट्ट्या लावल्या, कोणी चौकोनात चौकोन बसविले, कोणी सरळ रेघ मुद्दाम मोडली. २००२ मध्ये ह्या खेड्यातील गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथे भरले, आणि २००६ मध्ये त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली.

तेव्हा दोष जुळत्या कापडाचा नाही. आपल्या गोधडीतही निवड असतेच: लुगड्याचा काठ कोणत्या बाजूस यावा, मऊ पोत अंगाकडे कोणता असावा, हे शिवणारी ठरवीतच असते. उत्तर कानड्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात. त्यावाचून गोधडी पुरी झाली असे त्यांस वाटत नाही. विकतच्या संचात असे एखादे फूल आपल्या हातचे असावे, निदान एक तुकडा घरातील जुन्या वस्त्राचा असावा. जुन्या लुगड्याच्या गोधडीत मूल बोट ठेवून विचारते, हे कोणाचे? आणि घरातील वडीलधारे माणूस उत्तर देते. कोऱ्या कापडाला असा प्रश्न विचारता येत नाही. त्याला तो मान मिळावयास वीस-पंचवीस वर्षे जावी लागतात. तोपर्यंत उत्तर देणारे माणूस असेलच असे नाही. म्हणून शेवटचा टाका घालण्यापूर्वी एका कोपऱ्यावर शिवणारीने आपले नाव व सन दोऱ्याने काढून ठेवावा. १७१८ च्या त्या रेशमी पांघरुणावर दोन का होईना, अक्षरे राहिली. शिकागोच्या बक्षिसाच्या गोधडीवर ज्यांचे हात झिजले, त्यांच्या वाट्याला तेवढीही आली नाहीत.