सांगा पाहू!

कोजागरीची रात्र होती. वाणगाव स्टेशनपासून थोड्या अंतरावर, एका वाडीतल्या अंगणात सतरंजी अंथरलेली. मिरचीच्या शेतांवरून येणारा वारा गार झाला होता आणि चुलीवर दूध आटत होते. दूध आटेपर्यंत करायचे काय? आमच्या मंडळींचा उद्योग ठरलेला असतो. प्रश्न घालायचे आणि उत्तरे द्यायची. पैज नाही, बक्षीस नाही. ज्याचे उत्तर बरोबर येईल त्याने पुढला प्रश्न घालायचा, एवढाच काय तो मान.

प्रश्नांची वही गुरुजींची. शाळेतून ते निवृत्त झाले त्याला पुष्कळ वर्षे लोटली, परंतु वही मात्र अजून सेवेत आहे. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारले, "आशिया खंडातले पहिले अणुवीज केंद्र कोठले? सांगा पाहू!"

हा प्रश्न म्हणजे आमच्याकडे घरचे कार्य. वाणगावहून मुंबईच्या दिशेने निघाले की पहिलेच स्टेशन बोईसर, आणि केंद्र जरी तारापूरचे म्हणून जगाला ठाऊक असले तरी तेथे जाणाऱ्याने उतरायचे ते बोईसरलाच. चारपाच कंठांतून एकदम "तारापूर!" असा गजर झाला. तेवढ्यात आठवीत जाणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, जपान आशियात नाही का?"

दूध उतू जायला आले तरी कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही.

मुलीचे म्हणणे खरे होते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज रीतसर मिळू लागली ती २८ ऑक्टोबर १९६९ पासून. जपानातील तोकाई येथील केंद्र १९६६ सालीच वीज पुरवू लागले होते. तारापूर हे भारतातले पहिले अणुवीज केंद्र, यात शंका नाही. आशियातले पहिले मात्र ते नव्हे. भारतातली पहिली अणुभट्टी म्हणावी तर ती तुर्भ्याची 'अप्सरा', १९५६ सालची. पण तिचे काम संशोधनाचे, वीज करण्याचे नव्हे. या दोन गोष्टी कधीतरी कोणाच्या तरी डोक्यात एकमेकींत मिसळल्या असाव्यात, आणि मिसळलेले उत्तर वहीतून वहीत उतरत गेले. गुरुजींच्या वहीतही ते कित्येक वर्षे सुखाने नांदत होते.

एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात, असे वाचक म्हणतील. पण प्रश्नोत्तरांचा हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्यात चुकल्याची किंमत एकेकाळी फार मोठी होती. महाभारताच्या वनपर्वातला यक्ष आठवा. तळ्याकाठी चार भाऊ निष्प्राण पडलेले, आणि धर्मराजापुढे प्रश्नांची सरबत्ती. वाऱ्याहून वेगवान काय? मन. गवताहून अमाप काय? चिंता. धर्मराजाने सारी उत्तरे दिली. पण खरी परीक्षा त्यानंतरची. एकच भाऊ जिवंत होईल, कोण हवा ते सांग, असे यक्ष म्हणाला, तेव्हा त्याने भीमार्जुनांना सोडून माद्रीच्या नकुलाचे नाव घेतले. कुंतीचा एक पुत्र हयात आहे, तेव्हा माद्रीचाही एक असावा, हा त्यामागचा न्याय. आधीच्या प्रश्नांना बहुश्रुतपणा पुरला. शेवटच्याला माणुसकी लागली.

वेताळपंचविशीतला पेच याहून मौजेचा. उत्तर ठाऊक असून राजा विक्रम गप्प राहिला तर मस्तकाची शकले होणार. आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. ज्याला उत्तर येते त्याला गप्प बसवत नाही, हे जाणून त्या गोष्टी कोणीतरी रचल्या असल्या पाहिजेत. आमच्या अंगणातल्या मंडळींची अवस्था काही निराळी नाही.

लोकांमध्ये हाच खेळ कोड्याच्या रूपाने चालत असे. आज उखाणा म्हटले की नवऱ्याचे नाव घेणारी नववधू डोळ्यांपुढे येते. पण उखाणा म्हणजे मूळचे कोडेच. कोकणात आणि गोव्यात त्याला हुमाण म्हणतात. तमाशाच्या फडात तर प्रश्नाने केवढा थाट मांडला! कलगीवाले शक्तीचा पक्ष घ्यायचे, तुरेवाले शिवाचा; आणि एकाने भेदिक सवाल टाकला की दुसऱ्याने डफाच्या तालावर जबाब द्यायचा, असे रात्ररात्र चाले. पुराणे, वेदान्त, पिंड-ब्रह्मांडाची रूपके यांचे भांडार त्या शाहिरांना तोंडपाठ असे, आणि ऐकणारा शेतकरी जबाब चुकला की ओळखीत असे. अनंत माने यांचा 'सवाल माझा ऐका' हा चित्रपट १९६४ साली आला, त्याच्या नावातच ही परंपरा बोलते आहे.

या जुन्या प्रश्नांचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांची उत्तरे म्हातारी होत नसत. वाऱ्याहून मन वेगवान, हे कोणत्याही युगात खरेच. परंतु छापखाना आला आणि प्रश्नाची जात बदलली. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. पुढे १८४० मध्ये त्यांनीच 'दिग्दर्शन' हे मासिक काढून भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान यांची माहिती मराठी वाचकापुढे ठेवली. विसाव्या शतकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी वर्गणीदार जमवीत, कर्जाची चिंता वाहत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. आता प्रश्न चातुर्याचा उरला नाही, माहितीचा झाला. आणि माहितीचा स्वभाव दुधासारखा: ती ताजी असावी लागते.

नव्या जातीच्या या प्रश्नांचा खेळ आकाशवाणीच्या युगात जगभर फोफावला. त्याला इंग्रजीत क्विझ म्हणतात. या शब्दाचीच एक मजेदार कथा सांगतात. डब्लिनच्या एका नाट्यगृहाच्या मालकाने १७९१ साली पैज मारली की एका रात्रीत एक निरर्थक शब्द गावाच्या तोंडी घालतो, आणि पोरांकडून भिंतीभिंतींवर तो लिहवून घेतला. कथा फक्कड आहे. पण तो शब्द त्याआधीच्या, १७८२ सालच्या लिखाणात सापडतो. म्हणजे क्विझची जन्मकथा हेच क्विझमधले एक चुकलेले उत्तर!

आपल्या देशात सर्वांना खुली असलेली प्रश्नमंजूषा नील ओब्रायन यांनी १९६७ साली कलकत्त्याच्या एका चर्चच्या सभागृहात भरविली. १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. हमीद सयानी प्रश्न विचारीत, आणि १९७५ साली ते निवर्तल्यावर त्यांचे बंधू अमीन सयानी यांनी ते काम उचलले. घरोघर रेडिओभोवती मुले वही-पेन्सिल घेऊन बसत, आणि उत्तर आधी घरात की आधी रेडिओवर, अशी चुरस लागे. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आले व त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मराठी तरुण पहिला करोडपती झाला. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोट रुपये जिंकले. त्या शाळेतल्या मुलांसाठी खिचडी शिजवीत. ज्ञान कोणत्या घरी वस्तीला आहे हे चुलीवरून ओळखू नये, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळले.

पण द्रव्यावाचूनही हा खेळ जिवंत राहतो. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नदीकाठच्या बोट क्लबवर जमणाऱ्या प्रश्नवेड्यांनी आपल्या मंडळालाच 'बोट क्लब क्विझ क्लब' असे नाव दिले. तेथे काय किंवा आमच्या अंगणात काय, जमणाऱ्यांना ओढणारी गोष्ट एकच: आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्यालाही ठाऊक निघाले, किंवा त्याहून बरे म्हणजे दुसऱ्याला अधिक ठाऊक निघाले, याचा आनंद.

आता दुधाच्या ताजेपणाकडे वळू. आगगाडीचेच घ्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांतून सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन गाडी गेली. "भारतातली पहिली रेल्वे" म्हणून आपण ती पाठ केली. वास्तविक ती पहिली उतारू गाडी. दगड वाहण्यासाठी मद्रासेजवळ रेड हिल्स येथे १८३७ साली रूळ पडले होते, आणि रुरकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचे इंजिन माती ओढीत होते. दगडमातीला बसायला डबा लागत नाही आणि तिच्या स्वागताला तोफाही सुटत नाहीत, म्हणून ती उत्तरातून गळली. आमच्या मार्गावरून गाड्या मुंबईपर्यंत जाऊ लागल्या त्या १८६४ साली. मुंबईची उपनगरी गाडी वाणगाववरून डहाणूला मात्र २०१३ मध्ये आली, आणि तारीख होती १६ एप्रिल! एकशेसाठ वर्षांनी तोच दिवस. वहीत नोंदवावी अशी ही गंमत आहे.

काही उत्तरे चुकलेली नसतात, केवळ जुनी झालेली असतात. ग्रह किती? नऊ, हे उत्तर २००६ सालापर्यंत बरोबर होते. महाराष्ट्रात जिल्हे किती? १ मे १९६० रोजी सव्वीस. वाणगाव कोणत्या जिल्ह्यात? आमच्या वडिलांनी जन्मभर ठाणे जिल्हा लिहिला आणि तो बरोबरच लिहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला आणि घर न हलविता आम्ही जिल्हा बदलला.

आणि काही प्रश्न असे की ते विचारलेच जात नाहीत. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी कोणत्या साली घेतला? १७३९, हे आमच्याकडचे पोरही सांगेल. चिमाजीअप्पांच्या त्या मोहिमेत बाजी भिवराव तेथेच कामी आले, हेही कोणी सांगेल. पण किल्ल्याच्या मागच्या रानात पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्या वारल्यांविषयी काय विचाराल? वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातले वारली उठले. गोदावरी परुळेकरांनी ती हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. त्या उठावाचे उत्तर एका नावात मावत नाही, म्हणून वहीत त्याला जागा नाही. याच डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वारल्यांचे निदान एक नाव वहीत आले. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे अजून यायची आहेत.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असतो आणि त्यात जगातली सारी उत्तरे. मग हे प्रश्न घालणे कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. पण त्या रात्रीच पाहा ना. उत्तर सर्वांच्या खिशात होते आणि तरीही साऱ्यांनी चुकीचेच दिले. कारण ते तपासावे असे कोणाला वाटलेच नाही. आपल्या गावाचा मोठेपणा सांगणारे उत्तर माणूस तपासून पाहत नाही. त्यासाठी शेजारी बसलेले, आपल्यावर माया असणारे आणि तरीही "पण" म्हणणारे एखादे माणूस लागते. यंत्र उत्तर देईल. ते आपण होऊन "पण" म्हणणार नाही.

गुरुजी क्षणभर गप्प राहिले होते. मग त्यांनी पेन मागितले. वहीतला 'आशिया खंडातले' हा शब्द त्यांनी खोडला, वर 'भारतातले' असे लिहिले आणि पुढे वर्ष घातले: १९६९. एवढी वर्षे किती मुलांना आपण चुकीचे सांगितले, असे काहीसे ते पुटपुटले. मग वही त्यांनी मुलीपुढे धरली. "उत्तर तुझे बरोबर. आता पुढला प्रश्न तू घाल."

दुधाचे पेले फिरू लागले होते. मुलीने थोडा विचार केला आणि विचारले, "वाणगाव कोणत्या जिल्ह्यात?"

इतका सोपा प्रश्न ऐकून सगळे हसले. कोणीतरी तोंड उघडणार तोच गुरुजींनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "आधी साल कोणते ते सांग, बाळ."