मासळीचे पाणी आणि मिठाचे मोल



पुण्याहून आलेल्या नातवाने फिश सॉसच्या दोन बाटल्या आणल्या. एक व्हिएतनामची, दुसरी थायलंडची. पहिलीवर घटक दोनच, मासळी आणि मीठ. शिवाय ‘४० एन’ असा आकडा. हा आकडा नत्राचा, म्हणजे मासळीचा अर्क किती दाट आहे त्याचा. दाट असेल तो भाताबरोबर बुडवून खायला, पातळ असेल तो रश्श्यात घालायला. दुसरीत साखरही होती. ती आमच्या रश्श्यात बरी लागली, पण नुसती चाखायला पहिलीच सरस!

प्राचीन रोममध्येही असेच मासळीचे पाणी, ‘गारुम’, घरोघर खात. व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावर आपल्या मांदेलीच्या गोतातली बारीक मासळी तीन भाग आणि मीठ एक भाग असे लाकडी पिंपात वर्षभर मुरवतात.

मग मनात आले, वैनगंगा, इंद्रावती, गोंडकाळापासूनचे तलाव, एवढी मासळी असलेल्या आमच्या मुलखात हे का झाले नाही? उत्तर त्या एक भाग मिठात आहे. माणसाला दिवसाला १० ग्रॅम मीठ धरले, तर तीन किलो मासळी मुरवायला एका माणसाचे १०० दिवसांचे मीठ लागेल. आणि मीठ इथे पिकत नव्हते. ते समुद्रावरून बैलांच्या पाठीवर यायचे. इंग्रजी अमलात त्यावर कर. १८८८ साली तो मणाला अडीच रुपये होता. मापभर मिठासाठी मापभर चारोळी दिल्याच्या गोष्टी मी एटापल्ली-भामरागडकडच्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्या आहेत. चारोळीचा आजचा भाव आठवून पाहा!

म्हणून इथली मासळी उन्हात नि चुलीवरच्या धुरात सुकली. तोंडी लावायला चिंच, अंबाडी, आणि माडियांच्या घरी लाल मुंग्यांची आंबट चटणी. ही चव मागासलेपणाची नव्हे, मीठ जपून वापरणाऱ्यांच्या हुशारीची आहे.

शाळेत मी दांडीयात्रा शिकवीत असे. मुलांना समुद्र ठाऊक नसे, म्हणून लगेच जुलै १९३० मधले पुसद सांगायचो. तिथे बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. समुद्रकाठी मीठ, तर रानात गवत. पण मिठाचा कर रानातल्या माणसालाही तितकाच चिमटा काढत होता, हे मात्र पुस्तकात नसे. तो कर १९४७ साली गेला.

आज मिठाची पिशवी कुठल्याही किराणा दुकानात सहज मिळते. आठवडी बाजारात मुंबईकडचे बोंबीलही मिळतात. त्यांच्या शेजारी एखादी ढिवर बाई नदीची बिनमिठाची सुकी मासळी घेऊन बसलेली दिसली, तर थोडी जरूर घ्या. नातवाला मी तीच बांधून दिली आहे.

असो. पुन्हा भेटू.