छोटा टिपर : आधी माल, मग चेसिस

टिपर बांधण्यासाठी हलकी गाडी घेताना गिऱ्हाईक साधारण दोन आकडे विचारते : इंजिन किती ताकदीचे आणि माल किती टन बसतो. माहितीपत्रकातले हे दोन्ही आकडे खरे असतात. पण गाडीचा टिपर झाल्यावर माल वाहण्यासाठी उरणारा आकडा वेगळाच निघतो आणि धंदा त्याच आकड्यावर चालतो.

तो काढण्याची रीत सोपी आहे. गाडीचे कमाल एकूण वजन आरसी बुकात लिहिलेले असते. त्यातून हौदा नसलेल्या, केबिनसह चेसिसचे वजन वजा करायचे, मग चालक आणि हमालाचे, मग टिपरच्या सगळ्या सामानाचे. समजा, एका पिकअपचे एकूण वजन 3000 किलो आणि केबिनसह चेसिस 1450 किलो. दोन माणसांचे 150 गेले, 1400 उरले. आता हौदा : 2.4 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद, तळाला 3 मिलिमीटरचा पत्रा. पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला 7.85 किलो भरतो, म्हणजे नुसता तळच 85 किलोंचा. त्यात बाजू, फाळका, आडव्या पट्ट्या, खालची जोडचौकट, जॅक, पंप, तेलाची टाकी मिळवली की 400 किलो सहज होतात. उरला एक टन. टिपरसाठी गाडी हलकी हवी ती याचसाठी. चेसिसमध्ये वाचलेला प्रत्येक किलो मालाच्या खात्यात जमा होतो.

या एका टनात काय मावते, हे मालावर ठरते. आपल्याकडे वाळू-खडीचा व्यवहार ब्रासवर चालतो. ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे 1600 किलो भरते, म्हणजे ब्रासला साडेचार टन. आपल्या पिकअपमध्ये पाव ब्राससुद्धा कायद्याने बसत नाही. एक टन वाळू वरच्या मापाच्या हौद्यात पसरली तर तिची उंची जेमतेम 17 सेंटिमीटर भरते. गॅरेजवाला मात्र सवयीने दीड फुटाच्या बाजू ठोकतो, फावडे मारणारा काठोकाठ भरतो आणि एक टनाच्या गाडीवर अडीच टनांच्या वर माल चढतो. पाटे बसतात, एक्सल वाकतो, मग लोक गाडीला नावे ठेवतात. मला विचाराल तर दोष हौद्याच्या उंचीचा आहे. उलट घरगुती कचरा घनमीटरला 400 किलोंच्या आसपास असतो. त्याच गाडीत तो 70 सेंटिमीटर उंच भरला तरी वजन मर्यादेत राहते. पावसाळ्यात ओला कचरा जड होतो, तेवढी गुंजाईश ठेवली म्हणजे झाले.

म्हणून 2005 साली आलेला ‘छोटा हत्ती’, म्हणजे टाटा एस, आणि त्याच्या वर्गातल्या गाड्या गावठाणातल्या अरुंद बोळांत घंटागाडी म्हणून शोभतात. वाळू, मुरूम, राडारोडा ही त्यांची कामे नव्हेत. बोलेरो पिकअप किंवा दोस्तच्या वर्गातली गाडी विटा, क्रश सँडच्या छोट्या खेपा आणि शेणखतासाठी योग्य. अर्धा ब्रास वाळू एका खेपेत हवी असेल तर 1986 पासून रस्त्यावर असलेल्या टाटा 407 च्या वर्गाखाली पाहूच नये.

वर्ग ठरला की चेसिस पाहावी. दोन लांब पट्ट्यांची शिडीसारखी चौकट हवी. बॉडी आणि चौकट एकच असलेली व्हॅन या कामाला निरुपयोगी, कारण जॅकचा जोर घ्यायला तिच्यात जागाच नसते. मागे पाटे हवेत आणि मागच्या एक्सलची स्वतंत्र मर्यादा तपासायला हवी, कारण हौदा उचलला की भार बिजागरीवर, म्हणजे मागे सरकतो. बिजागरी एक्सलपासून फार मागे गेली आणि ओला मुरूम फाळक्यापाशी चिकटून बसला, तर पुढची चाके हलकी होतात. चेसिसच्या वरच्या पट्टीला वेल्डिंग करू देऊ नका. तडा तिथूनच सुरू होतो. जोडचौकट यू-बोल्ट आणि बाजूच्या प्लेटांनी बांधावी.

उचलण्याच्या यंत्रणेबाबत गैरसमज फार आहेत. दीड टनाचा हौदा-माल 45 अंशांवर नेताना त्याचा गुरुत्वमध्य एक मीटरही वर जात नाही. लागणारी ऊर्जा बॅटरीच्या मानाने अगदी थोडी असते. अडचण प्रवाहाची आहे. वीस सेकंदांत उचलायचे तर 12 व्होल्टवर शंभर अँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह लागतो. बारीक केबल तापते, मोटर दम टाकते. दिवसाला चार-सहा खेपा असतील तर जाड आणि आखूड केबलचा विजेवरचा पंप पुरतो, गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. दिवसभर खेपा मारायच्या तर पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर पंप फिरवणारी जोडणी, बसेल असा गिअरबॉक्स असलेलीच गाडी घ्यावी. हा प्रश्न गाडी घेण्यापूर्वी विचारायचा असतो.

कायद्याचा भाग थोडक्यात. 7500 किलोंपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते कायम केले. हौदा बदलल्याची नोंद आरसी बुकात हवी, नाहीतर अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहतो. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यातला दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

टिपर तयार झाला की पासिंगला नेण्याआधी वजनकाट्यावर न्या. आधी पुढची चाके, मग मागची, मग पूर्ण गाडी असे रिकामे वजन घ्या. मग मर्यादेइतका माल भरून तेच पुन्हा करा आणि माल जिथपर्यंत आला तिथे हौद्याच्या आतून रंगाची रेघ मारा. बाजू त्या रेघेपेक्षा फार उंच असतील तर कापून घ्या.