एका माशीचे दोन अर्थ

कॉक्लिओमिया ही निळसर हिरव्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या माश्यांची प्रजाती. तिच्यातल्या एका जातीच्या अळ्या जिवंत प्राण्यांच्या जखमांतच वाढतात. फ्रेंच गयानातील कैद्यांचा बळी घेणाऱ्या या माशीला शार्ल कोकरेल या नौदलातील शल्यवैद्याने १८५८ साली ‘होमिनिव्होरॅक्स’, म्हणजे नरभक्षक, असे नाव दिले. पुढे मात्र अभ्यासकांनी तिला मृत मांसावर पोसणाऱ्या ‘मॅसेलॅरिया’त जमा केले. दोघींची झळाळी सारखी, पाठीवरचे तीन काळे पट्टेही सारखे! परिणामी गुरे जिवंतपणी पोखरली जात असताना अमेरिकेतील पशुपालकांना मेलेली जनावरे जाळण्याचा सल्ला मिळत राहिला.

१९३३ साली कुशिंग आणि पॅटन यांनी नरांच्या जननेंद्रियांतील भेद दाखवून या जाती वेगळ्या केल्या. खरा शत्रू संख्येने थोडा आहे, हे त्यानंतर उमगले. म्हणूनच एडवर्ड निपलिंग यांची कल्पना शक्य ठरली : मादी बहुधा एकदाच समागम करते, तेव्हा किरणोत्साराने वंध्य केलेले नर सोडावेत. १९५४ साली क्युरासाओ बेट माशीमुक्त झाले.

वाचनातली हयगय अर्थाचा घात करते, असे आपण वर्गात सांगतो. इथे ती कळपांच्या जिवावर बेतली.